मनूची टोपी आणि आमच्या दोन गाड्या

शनिवारी आम्ही नाशिकहून दोन गाड्या घेऊन चांदवडच्या अलीकडच्या एका प्राण्यांच्या पार्कात गेलो होतो. एका गाडीत मी, नवरा आणि दीड वर्षाचा चिकू. दुसरीत दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि आमची पाच वर्षांची मनू... कारण तिला चुलत भावंडांच्याच गाडीत बसायचं होतं.

पार्क म्हणजे फार मोठं काही नाही. इमू, टर्की, बदकं, शेळ्या, एक सुस्त घोडा आणि शेवटी सशांचं कुंपण. मुलांना मात्र स्वर्ग वाटला.

माझा दिवस मनूवर ओरडण्यात गेला. इमूच्या जाळीत हात घालू नको म्हटलं, तिने घातला. बदकांमागे पळू नको म्हटलं, पळाली... टर्कीसमोर उभी राहून त्याच्यासारखा आवाज काढत बसली. जाऊबाईंना मी चारदा तरी म्हणाले असेन, ही मुलगी माझा एक शब्द ऐकेल तर शपथ.

निघायच्या वेळी आम्ही सशांपाशी होतो आणि चिकूने नेमका तेव्हाच डायपर भरला. मनू सशांना गाजर भरवत होती, ती काही हलेना. मग मीच तिला म्हटलं, "इथेच थांब. अजिबात हलायचं नाही. मी आलेच."

गाडीपाशी आले, चिकूला बदललं, तोवर त्याने भोकाड पसरलं. नवरा पिशव्या भरत होता. शेजारी जाऊबाईंची गाडी सुरू झाली, आत पोरांचा नुसता कालवा... त्यांनी हात केला, मीही केला. मनू सकाळी त्यांच्याच गाडीतून आली होती. डोक्यात आलंच नाही की तिला मीच कुठेतरी थांबवून आले आहे.



हायवेला लागून वीस मिनिटं झाली असतील. चिकू झोपला, मी चपला काढून पाय वर घेऊन बसले... आणि जाऊबाईंचा फोन आला. "अगं, मनूची टोपी आमच्याच गाडीत राहिली बघ."

मी म्हटलं, "मग घाला ना तिच्या डोक्यावर, खिडकीतून ऊन लागत असेल."

 मग जाऊबाईंनी अगदी हळू विचारलं, "मनू तुमच्या गाडीत आहे ना?"

नवऱ्याने गाडीचा वेग वाढवला, पण हायवेला मध्ये डिव्हायडर. वळायला पुढच्या पुलापर्यंत जावं लागलं, म्हणजे मनूपासून आणखी लांब. मी तिकिटावरच्या नंबरला फोन लावत होते... रिंग पूर्ण वाजायची आणि बंद व्हायची. सात-आठ वेळा लावला, कुणी उचलला नाही.

काय काय मनात आलं ते इथे लिहीत नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना कळेल. आत वळणाऱ्या अरुंद रस्त्यावर पुढे कांद्याने भरलेला ट्रॅक्टर, बाजूने जायला जागाच नाही. मला वाटलं उतरून पळत सुटावं.

पार्काच्या गेटवर तिकिटाच्या खिडकीत कुणीच नव्हतं. मी अनवाणीच पळाले. चपला गाडीत राहिल्यात हे नंतर कळलं.

मनू सशांपाशी उभी होती. जिथे सोडली होती, तिथेच. तिच्या डोक्यावर मोठी काळी छत्री धरून तिकीट देणाऱ्या मावशी उभ्या होत्या. फोन का उचलला जात नव्हता, ते तेव्हा समजलं.

मी मनूला कवटाळलं आणि मोठमोठ्याने रडायला लागले. मावशी म्हणाल्या, "लय सांगितलं तिला ताई, सावलीत चल, पाणी पी, हापिसात बस. नाय म्हणजे नाय. आईनं सांगितलंय हितनं हलायचं नाय, म्हने. मग मीच छत्री घिऊन आले."

ऊन चढलं तसे ससे कधीच आत त्यांच्या खुराड्यात जाऊन झोपले होते. बघायला तिथे काही उरलं नव्हतं. पाऊण तास माझी मुलगी रिकाम्या कुंपणापाशी उभी होती, फक्त मी थांब म्हटलं म्हणून.

मनू रडत नव्हती. उलट माझे डोळे पुसत होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, आता हलू का? मला कधीची शू लागलीये."

मी तिला उचलून बाथरूमकडे धावले... रडत आणि हसत.

मावशींना नीट थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही, नुसते हात धरून उभी राहिले. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. पाणी दिलं आणि त्यांच्या स्वतःच्या चपला माझ्या पुढे सरकवल्या, गाडीपर्यंत जायला. मावशी, तुम्ही फेसबुकवर नसाल बहुतेक... पण ती छत्री मी जन्मभर विसरणार नाही.

आता दोन्ही गाड्या निघायच्या आधी प्रत्येक पोराला नावाने हाक मारायची आणि त्याने ओ द्यायची, असं आमच्या घरात ठरलंय. आणि "आलेच" हा शब्द मी जपून वापरते.

काल संध्याकाळी मनूला पाच वेळा म्हटलं, खेळणी उचल. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!