मोटारवालीची लाईट

बेल्ह्याच्या आठवडे बाजारात जनावरांच्या रांगा संपतात तिथे जुनी पुस्तकं विकणारा एक माणूस पोतं पसरून बसायचा. त्याच्याकडे हिंदी कॉमिक्स असत. या बाजाराला एक न्यायचं, पुढच्या बाजाराला ते परत करून दुसरं न्यायचं, अशी पद्धत होती. त्याचे गठ्ठे दोन होते, कारण कंपन्या दोन होत्या आणि त्यांचे वाचकही वेगळे होते.

मी पहिल्या गठ्ठ्याची. त्या कंपनीच्या नायकाला काहीच होत नसे. त्याला साखळदंडाने बांधलं, तर दोन पानांनंतर त्याला आठवायचं की आपल्याला लोखंड वितळवता येतं. आधीच्या अंकांत ते का वितळवलं नाही, हे विचारायचं नसे. दुसऱ्या कंपनीच्या नायकाचा खांदा एकदा निखळला, तो पुढचे तीन अंक बांधलेलाच राहिला. दुसरा गठ्ठा लवकर रिकामा होऊ लागला, तेव्हा पहिल्या कंपनीनेही नायकाची शक्ती काढून घेतल्याची घोषणा मुखपृष्ठावर छापली. शेवटच्या पानावर ती दुप्पट होऊन परत आली.

नववीत माझ्या वर्गात एक मुलगी होती. ती मळ्यातून सायकलवर यायची. दुसऱ्या गठ्ठ्याची वाचक. आम्ही दोघीही वहीत स्वतःची कॉमिक्स काढायचो आणि ती मागच्या बाकांवर फिरायची. दोन हजार सालानंतरची, लोडशेडिंगची ती वर्षं.

माझ्या नायकाला पहिल्या वहीत तीन शक्ती होत्या, चौथ्या वहीपर्यंत दहा झाल्या. तो उडायचा, अदृश्य व्हायचा, वेळ थांबवायचा. तिची नायिका विहिरीवर मोटार चालू करायला जाणारी साधी बाई होती. मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट असेपर्यंत तिच्या अंगात दहा बैलांचं बळ असे. लाईट गेली की संपलं. मग ती हवेत असो की बिबट्याच्या समोर. वर्गात त्या नायिकेला मोटारवाली म्हणत.

माझी वही परत यायला एक तास लागायचा. तिची दोन-दोन दिवस यायची नाही. डब्याच्या सुट्टीत मुलं वाद घालायची, "आज राती नऊला लाईट जाणार. ती टाकीवर चढलीय, मरती आता." माझ्या नायकाचं काय होणार, यावर कधी कोणी वाद घातला नाही. त्याचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला तिचा मत्सर वाटत होता. पुढे एवढी वर्षं वर्तमानपत्रात बातम्या तपासण्यात गेली, पण या वाक्यात दुरुस्ती करावी असं वाटत नाही.

शाळेचं हस्तलिखित दरवर्षी स्नेहसंमेलनात टेबलावर मांडलं जाई. त्या वर्षी त्यात आठ पानांची एक चित्रकथा घ्यायची ठरली. निवड मराठीच्या बाई करणार होत्या. दोघींच्या वह्या त्यांच्यापुढे गेल्या. मी तिची वही आधी बारकाईने वाचली आणि चूक शोधली. मोटारवाली सकाळी अकराला दरड उचलत होती. त्या आठवड्यात लाईट नऊला जात होती आणि एकला येत होती.

मी वर्गात उभी राहिले. "बाई, अकराला लाईट नसते. हिची गोष्टच चुकलीय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "अगं, ती गावठाणाची लाईट. आमच्या मळ्याची लाईन येगळी केलीय. या हप्त्याला आमाला थ्री फेज दिवसाची हाय."

"पुढच्या हप्त्याला रातची," मागून एक मुलगा म्हणाला. "गावातल्या पावण्यांना काय म्हाईत!"

दुसरा म्हणाला, "हिच्या नायकाला इनव्हर्टर बसवा राव!"

वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं मळ्यातली होती. सगळे हसले. बाईही हसल्या. त्यांनी तिची कथा घेतली. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून सगळ्या हस्तलिखिताचं लेखन मात्र मला दिलं.

तिने चित्रं काढून दिली. बोलण्याचे फुगे रिकामे होते आणि मजकूर वेगळ्या कागदावर होता. सात पानं मी जशीच्या तशी लिहिली. शेवटच्या चित्रात मोटारवाली विहिरीत, पंपाच्या पाइपाला धरून लोंबकळत होती. वर स्टार्टरचा दिवा विझलेला होता. पाइप धरलेल्या हाताच्या शिरा तिने एकेक करून काढल्या होत्या. तसा हात मला काढता येत नव्हता. कागदावर एवढंच होतं, "लाईट कधी येणार?"

मी फुग्यात लिहिलं, "मला आता लाईटीची गरज नाही!"

शाई वाळेपर्यंत मी तिथेच बसून राहिले. नंतर पान गठ्ठ्यात ठेवलं.

संमेलनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी हस्तलिखित चाळलं आणि भाषणात तेच वाक्य मोठ्याने वाचलं. ग्रामीण मुलीने स्वावलंबनाचा संदेश दिला, असं म्हणून तिला उभं राहायला सांगितलं. टाळ्या झाल्या. वाक्य माझं होतं, टाळ्या तिला होत्या. आपण काय केलं याची लाज त्या क्षणी मला वाटली नाही. ते वाक्य माझं आहे, हे ओरडून सांगावंसं वाटलं.

कार्यक्रमानंतर ती सायकलच्या स्टँडपाशी थांबली होती.

"ते तू लिव्हलंस?"

"फुगा मोठा होता. तुझं वाक्य छोटं दिसत होतं."

"बाईंना सांगणार व्हते. पण टाळ्या झाल्या, मग कसं सांगू?" तिने सायकल बाहेर काढली. "तिला लाईटच लागत न्हाई म्हणल्यावर मी पुढं काय काढू? तिला आता काय व्हणार हाय?"

माझ्या नायकाला काय होईल, हे मी स्वतः चार वह्यांपासून शोधत होते.

तिने पुढचा भाग काढला नाही. महिनाभर मुलं मागत राहिली. ती सांगायची, "संपली गोष्ट." का संपली ते तिने कोणाला सांगितलं नाही, माझं नावही घेतलं नाही. बाजारात ती दिसायची, दुसऱ्या गठ्ठ्यातून एक अंक काढून पिशवीत टाकायची आणि जायची.

मागच्या बाकांवर आता फक्त माझी वही उरली. पाचव्या वहीत माझ्या नायकाला अकरावी शक्ती मिळाली. वही एका तासात परत आली.