पाण्यात उभी राहणारी मावशी

"कशी आहेस, मावशी?" असं कुणीही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "दमलेय." त्यात तक्रार नसायची. दूध संपलंय किंवा बाहेर बर्फ पडतोय, हे सांगावं तसं ती ते सांगायची. स्टेट कॉलेज या अमेरिकेतल्या छोट्या गावातली आमची मोजकी मराठी मंडळी एकमेकांना "मजेत", "ऑल गुड" म्हणणारी. त्यांच्यात हे उत्तर ऐकून नवीन माणूस गडबडायचा. मग मावशीच त्याला धीर द्यायची, "अरे, रात्रभर उभी होते. दमणारच ना माणूस."

मावशी मूळची नागपूरची. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांचं एक होम होतं, तिथे ती नर्स होती आणि सत्तावीस वर्षं रात्रपाळी करत होती. नवरा लवकर गेला. मुलगी नेहा टेक्ससला, अर्विंगमध्ये नोकरीला. मी मावशीच्या घरातल्या वरच्या खोलीत भाड्यानं राहून पीएचडी करत होते. सकाळी मी कॅम्पसची बस पकडायला निघायचे तेव्हा ती घरी पोचलेली असायला हवी. पण आठवड्यातले दोन-तीन दिवस ती यायचीच नाही. पाळी संपली की पार्किंगमध्येच युनिफॉर्मवर छातीपर्यंतची रबरी विजार चढवायची, थेट डोंगरापलीकडच्या क्रीकवर, म्हणजे ओढ्यावर जायची आणि मांडीभर पाण्यात उभी राहून ट्राउट मासे धरायची.

हे तिला शिकवलं तिच्या एका पेशंटनं. तो म्हातारा आयुष्यभर मासे धरत आलेला, आणि आता हाताची बोटं वळत नव्हती. त्यानं व्हीलचेअरवर बसून होमच्या मागच्या हिरवळीवर हिच्याकडून दोरी फेकायचा सराव करून घेतला. गळाऐवजी लोकरीचा गोंडा. पिसं आणि दोरा गुंडाळून माशीसारखा दिसणारा खोटा किडा कसा बांधायचा, तेही त्यानंच सांगितलं. बोटं हिची, डोळे त्याचे. पहिलं वर्षभर मावशीला एकही मासा मिळाला नाही. पण म्हातारा रोज विचारायचा, म्हणून ती रोज थाप मारायची. "केवढा होता?" तो विचारायचा. ही हातानं दाखवायची. "मग तो रोज थोडा मोठा व्हायला लागला," मावशी सांगायची. "त्याला कळत होतं गं. पण ऐकताना तो इतका खूश व्हायचा!" खरा मासा मिळाला तेव्हा म्हातारा जाऊन तीन आठवडे झाले होते.

धरलेला मासा ती कधी घरी आणत नसे. नागपूरला तळ्यातले मासे चवीनं खाल्लेली बाई, सोवळंओवळं काही नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "रोज माणसं जाताना बघते मी. सकाळी तरी कुणाला घालवायला नको." गळ काढल्यावर ती माशाला दोन्ही हातांत हलकेच धरून पाण्याखालीच ठेवायची, तोंड प्रवाहाकडे करून. कल्ले नीट हलायला लागले, शेपटीत जोर आला की तो आपणच निसटायचा. कधी दोन मिनिटं लागायची, कधी दहा. तेवढा वेळ ती वाकून उभी. उन्हाळ्यात मात्र आधी थर्मामीटर पाण्यात सोडायचा. पाणी कोमट लागलं की गाडी वळवून घरी. "कोमट पाण्यात त्याला श्वास पुरत नाही. दमला की मग सावरत नाही तो."

वळणावरच्या एका झाडाच्या मुळांखाली एक मोठा ब्राउन ट्राउट राहत होता. मावशी चार वर्षं त्याच्या मागे होती. तिनं मला तो एकदाच दाखवला. आधी मला नुसता पाण्यातला एक ओंडका दिसला, मग ओंडक्यानं तोंड उघडलं. दोन फूट तरी असेल. मावशी कुजबुजली, "बघ कसा बसून राहिला. काही घाई नाही त्याला."

घाई मला होती. पीएचडीचं सहावं वर्ष. दोन वर्षांचं मोजमाप चुकीचं निघालं होतं, आणि माझे प्रोफेसर म्हणाले होते, या सेमिस्टरमध्ये काहीतरी दाखव, नाहीतर पुढचं अवघड आहे. मी घरी फोनवर "ऑल गुड" सांगत होते आणि लॅबमध्ये स्क्रीनकडे बघत नुसती बसत होते. जुलैत उकाड्याचा तिसरा आठवडा चालू होता. एके दिवशी सकाळी उठले, गॅरेजमधली मावशीची मासे धरायची जुनी काठी घेतली आणि तिला न विचारता मैत्रिणीच्या गाडीनं क्रीकवर गेले. काहीतरी एक जमायला हवं होतं मला. थर्मामीटर समोर खुंटीला टांगलेला होता. मी तो घेतला नाही, कारण तो काय सांगेल ते मला माहीत होतं.

दोरी फेकायला मावशीनंच कधीतरी शिकवलं होतं. तिसऱ्या फेकीला त्या मोठ्या ट्राउटनं खोटा किडा घेतला. काठी वाकली, दोरी सरसर गेली. वीस-पंचवीस मिनिटं तो ओढत राहिला आणि मी सोडत, गोळा करत राहिले. जाळ्यात आला तेव्हा मी एकटीच ओरडले. फोटो काढला. मग मावशीसारखं त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. कल्ले एकदा हलले, पुन्हा हलले. हात सैल केला तर तो कुशीवर वळला आणि त्याचं पांढरं पोट वर आलं. पुन्हा धरला. तासभर धरून उभी होते. पाणी माझ्या पायांना गरम लागत होतं.

मी तो घरी घेऊन आले. मावशी पाळीवरून येऊन स्वयंपाकघरात चहा घेत बसली होती. मी मासा सिंकमध्ये ठेवला आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"थर्मामीटर नेला होतास?"

"नाही."

"विसरलीस?"

"नाही. मुद्दाम नेला नाही."

ती उठली, बाह्या वर केल्या आणि सुरी घेतली. "आता टाकून नाही द्यायचा," एवढंच म्हणाली. खवले काढले, तुकडे केले, हळद-मीठ-तिखट लावून तळले. सकाळचे नऊ वाजले होते. ती युनिफॉर्ममध्ये, मी चिखलाच्या पॅंटमध्ये, मध्ये ताटली. आम्ही दोघी खाली मान घालून खात होतो. मी एकच तुकडा चिवडत होते. मावशीनं मात्र काटे वेचून वेचून सगळं खाल्लं.

"चव नाही याला," ती शेवटी म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तू काय करून राहिलीस गं स्वतःचं? सहा वर्षं बघते तुला. एकदा तरी म्हणालीस का, दमले म्हणून?"

मी रडायला लागले. ती उठून जवळ आली नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. समोर बसून राहिली, माझं रडून होईपर्यंत. मग म्हणाली, "तोंड धू. तुझ्या प्रोफेसरला भेटायचं. मी चालवते गाडी." रात्रभर जागलेली ती बाई मला कॅम्पसवर घेऊन गेली आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली. मी एका सेमिस्टरची सुट्टी मागितली. मिळाली. पीएचडी पुढे झाली, उशिरा झाली. त्या माशाचा फोटो मी त्याच दिवशी डिलीट केला. मावशीनं पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाही, पण त्या वळणावर ती त्या वर्षी गेली नाही.

दोन वर्षांनी मावशीचा गुडघा गेला. नेहा तिला अर्विंगला न्यायला आली. ऑक्टोबरची सकाळ होती, सामान गाडीत भरलेलं, दुपारचं विमान, मी पोचवायला सोबत. मावशी म्हणाली, वाटेत पाच मिनिटं क्रीकवर थांबू. पाणी छान गार होतं. पण तिला उतरता येईना. काठावर घडीची खुर्ची उघडून दिली, तीत ती बसली. मला म्हणाली, "तू उतर. मी बघते."

मी तिची काठी घेऊन उतरले. फेकत राहिले. काही लागलं नाही. मागे वळून बघितलं तर मावशीची मान छातीवर आली होती आणि हात मांडीवर उघडे पडले होते. सत्तावीस वर्षांची रात्रपाळी त्या उन्हात झोपली होती. मी दोरी गुंडाळून घेतली आणि आवाज नको म्हणून पाण्यातच उभी राहिले.

नेहा गाडीतून उतरून गवतातून खाली आली. फोनवर वेळ बघत म्हणाली, "Mom, we have to go."

"दहा मिनिटं," मी पाण्यातून हळू आवाजात म्हटलं. "नेहा, प्लीज. झोपू दे तिला."

तिनं आईकडे बघितलं. मग फोन खिशात टाकला आणि खुर्चीला टेकून तिच्या पायाशी गवतावर बसली.