बाईंचा वाटा

रापणीच्या तांडेलाने, म्हणजे किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या म्होरक्याने, आमच्या शाळेच्या प्रभाबाईंना फसवले. बाईंना जाऊन महिना होत आला, तांडेल तर केव्हाच गेले. मेलेल्यांचे काढू नये असे घरातले मला सांगतात. मी जन्मभर नारळाचा व्यापार केला आहे. माणूस गेला म्हणून त्याचा व्यवहार चितेवर जात नाही, एवढे मला कळते.

बातमी आली तेव्हा मी कोल्हापूरच्या बाजारात एका व्यापाऱ्याशी भावावरून हुज्जत घालत होतो. पुतण्याचा फोन आला, "काका, प्रभाबाई गेल्यो." मी फोन खिशात ठेवला आणि समोरच्याने सांगितलेला भाव तसाच कबूल केला. त्याला वाटले, म्हातारा थकला. गाडीत बसल्यावर डोळ्यांसमोर बाईंचा चेहरा आला नाही, त्यांचे हात आले... दोर ओढून सोललेले.

साठ सालाच्या आधीची एकदोन वर्षे. तारकर्लीच्या अलीकडे आमची वाडी. बाई सावंतवाडीकडच्या, वय विशी-बाविशीचे, मासे न खाणाऱ्या घरातल्या. शाळेच्या दोन खोल्या वरच्या वर्गांनी भरलेल्या, म्हणून पहिली-दुसरी बसायची किनाऱ्यावरच्या मांगरात, म्हणजे रापणीची जाळी ठेवायच्या झापांच्या खोपीत. पायांखाली वाळू, पाठीला जाळ्यांचा ढीग आणि नाकात त्याचा वास. बाई पहिल्या दिवशी पदर नाकाला लावून शिकवत होत्या. आठवड्याने पदर खाली आला आणि पाटी-पेन्सिलीच्या जोडीला वाळू आणि शिंपल्या आल्या. "चार शिंपल्या दोघांना वाटून दे," म्हणायच्या. मी तीन माझ्याकडे ठेवायचो. बाई म्हणायच्या, "येसू, ही वाटणी नाही, हा दरोडा आहे."

त्या राहायच्या रुक्मिणकाकीच्या घरी, पडवीतल्या खोलीत. काकी त्यांना घावणे द्यायची, फणसाची भाजी द्यायची, आजूबाजूच्या घरांतूनही काही ना काही यायचे. आमच्याकडे आलेले भांडे रिकामे परत करत नाहीत. बाई त्यात दुकानातली चिमूटभर साखर घालून पाठवत. बायका हसत. दुकानातली साखर म्हणजे काही घरचे नव्हे!

पावसाळा सरून आभाळ स्वच्छ झाले होते. बाई वाटणीच शिकवत होत्या, इतक्यात किनाऱ्यावर हाकाटी झाली. रापण लागली! होडीने अर्धगोल जाळे टाकलेले, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि ते ओढायला मिळतील तेवढे हात हवेत. रापण लागली की सुट्टी विचारायची आमच्या वाडीत पद्धत नव्हती. सगळा वर्ग उठला आणि पळाला. मागे वळून पाहिले तर बाई येताहेत. आता पाठीत बसणार म्हणून आम्ही डोकी खाली घातली. बाईंनी पदर खोचला, मुलींच्या मागे दोराला हात घातला आणि मला विचारले, "पाय कसे रोवायचे रे?"

"टाच रोवा, बाईनू! नि दोर पोटाकडे घेवा."

गुरूला शिकवायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. बाई दोनदा वाळूत बसल्या, पोरे खिदळली, त्याही हसल्या आणि पुन्हा उठल्या. जाळे किनाऱ्याला लागले तेव्हा पाणी नुसते चांदीसारखे उसळत होते. बांगडेच बांगडे.

आता रापणीचा रिवाज सांगतो, कारण सगळे त्यावरच आहे. दोराला हात लागला त्याला वाटा. तो जाळ्याचा भागीदार असो, नाही तर रस्त्याने चाललेला वाटसरू. लहान मुलांना दोघांत मिळून एक.

मोठी माणसे मासे निवडत होती तेवढ्यात बाईंनी आम्हाला वाळूत बसवले आणि बोटाने वर्तुळे काढायला लावली. दोन पोरे, एक वर्तुळ. जोड्या लागत गेल्या आणि मी एकटा उरलो. मी भोकाड पसरले. मला वाटले, माझे गेले. बाईंनी माझ्यासाठी एक वर्तुळ काढले, मधून रेघ मारली आणि एका बाजूला माझा हात धरून ठेवला. "हे तुझं. अर्धं. कुणीही आलं तरी यातलं कमी होत नाही." अर्धे म्हणजे काय, ते मला असे कळले. पुढे भागीदारीत मी कधी फसलो नाही, ते त्या रेघेमुळे.

मग कोणीतरी ओरडले, "बाईनू, तुमचो वाटो?" बाई जरा थांबल्या. इकडेतिकडे पाहिले आणि शेवटी एक अख्खे वर्तुळ काढले. काढताना त्या लाजल्या, हे मला आजही स्पष्ट दिसते.

तांडेल बाबल वाटे टाकत आले. रापणीत त्यांचा शब्द शेवटचा. मुलांचे वाटे पडले, माझे अर्धेही पडले. बाईंच्या वर्तुळापाशी ते थांबले.

"हो कोणाचो?"

"बाईंचो!" आम्ही सगळे.

"बाईनू, तुमी मासे खायत नाय. वाटो घेवन करतलास काय? फळ्यार टांगतलास?"

माणसे हसली. बाईंचा चेहरा लाल झाला, पण आवाज वर्गात असायचा तसाच होता. "खायचं की नाही ते माझं मी बघेन. दोर ओढला की नाही, एवढं सांगा."

हसणे बंद झाले. तांडेलांनी कानावरची विडी काढली, परत ठेवली. "ओढल्यात. नाय कोण म्हणता? पण मास्तरणीन टोपली घेवन फिराक बरा दिसना नाय. सांजच्याक घराकडे धाडतंय."

बाईंनी विश्वास ठेवला. मी नाही ठेवला. "आत्ता देवा!" म्हणून ओरडलो. तांडेल म्हणाले, "तुझो गावलो मां? गप घराक जा." मी माझे बांगडे त्यांच्या पायांवर फेकले आणि घरी आईचे रट्टे खाल्ले.

संध्याकाळी मी रुक्मिणकाकीच्या बेड्याबाहेर, म्हणजे कुंपणाच्या फाटकाबाहेर, उभा होतो. काकीने खोबरे वाटून ठेवले होते, घासलेली टोपली पायरीवर होती आणि टोपलीशेजारी बाई. दिवेलागण झाली तरी कोणी आले नाही. काकी म्हणाली, "बाईनू, आत येवा आता." बाईंनी टोपली स्वतःच उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी मी विषय काढला तर म्हणाल्या, "पाढे म्हण."

त्यानंतर बाई निवृत्त होईपर्यंत आमच्याच शाळेत राहिल्या, पुढेही वाडी सोडली नाही. वाडीतली तीन पिढ्यांची अक्षरे त्यांच्या हाताखालची. रापण लागायची, पोरे पळायची, बाई त्यांच्या मागे किनाऱ्यापर्यंत यायच्या आणि सुरूच्या झाडांखाली उभ्या राहायच्या. दोराला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. तांडेल त्यांना मोठा मान द्यायचे. उत्सवात पहिली खुर्ची, झेंडावंदनाला पहिला नारळ. मान द्यायला काही खर्च पडत नाही. मी धंद्यात रोज देतो.

हातात चार पैसे खेळू लागल्यावर मी एकदा तांडेलांना भर दुकानात विचारले, तो वाटा का नाही दिलात? विसरलो म्हणतील असे वाटले होते. ते विसरले नव्हते. "खुळ्या, भायरच्या माणसाक एकदा वाटो दिलो काय तो रापणीचो माणूस बनता. मगे उद्या तो इचारता, जाळ्याचा काय, जाग्याचा काय. तेका नको कसा म्हणतलंस?" मी जे बोललो ते या पुरवणीत छापण्यासारखे नाही. दुकानदाराने मला बाहेर काढले.

गेल्या दिवाळीत बाईंना भेटलो, ती शेवटची भेट. नजर गेली होती, पण आवाजावरून ओळखले. मी पुन्हा तेच काढले. बाई हसल्या. "तू अजून तिथेच उभा आहेस काय रे?" मग म्हणाल्या, "मासे मला कुठे हवे होते? काकीकडून दारोदार पाठवणार होते. सगळ्यांनी मला दिलं होतं, येसू. एकदा माझ्याकडून जायचं होतं. मी ओढलेलं."

इतकी वर्षे मी टोपलीभर बांगड्यांसाठी भांडत होतो. बाईंचे नुकसान त्याहून मोठे होते, हे मला, भाव करण्यात हयात घालवलेल्या माणसाला, त्या खोलीत कळले. मी त्यांनी दिलेली खोबऱ्याची वडी तशीच हातात धरून बसलो.

परवा शाळेत शोकसभा झाली. तांडेलांचा मुलगा दिगंबर, आज वाडीचा पुढारी, माईकवर म्हणाला, "बाई बाहेरच्या कधीच नव्हत्या. त्या आमच्यातल्याच." टाळ्या पडल्या. मी उठलो तर दोघांनी हात धरून खाली बसवले, "येसूकाका, आज नको." आज नको, तर केव्हा?

म्हणून इथे लिहितो. दिगंबर, तुझ्याशी माझे वैर नाही. वाटा बुडाला तेव्हा तू पाळण्यात होतास. पण वडिलांचे जाळे तू घेतलेस, किनाऱ्यावरची जागा घेतलीस, तर हेही तुझ्याकडेच येते. बाई आमच्यातल्या होत्या, असे तू चारचौघांत बोललास. मग चारचौघांतच सांग. कोणत्या दिवसापासून? त्या दोर ओढत होत्या तेव्हापासून, की आता काही मागायला उरल्या नाहीत तेव्हापासून?