मी बुजवलेलं छिद्र

वाळवंटातल्या चँडलरमध्ये उन्हाळ्यात गॅरेजमधलं काम सकाळी साडेपाचला सुरू करावं लागतं. नऊ वाजले की पाना हातात धरवत नाही. त्या उन्हाळ्यात माझी मुलगी रोज साडेपाचला उठत होती. शाळेत असताना आठ हाका मारल्याशिवाय कधी उठली नाही, ती. मला त्याचाही राग यायचा.

रागाचं खरं कारण वेगळं होतं. इंजिनिअरिंगची दोन वर्षं झाल्यावर तिने कॉलेज सोडलं आणि जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये काउंटरवर बसायला लागली. फोन घ्यायचे, पार्ट मागवायचे. मी बावीस वर्षं इथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात व्हॅक्यूमची यंत्रं सांभाळतोय. मुलगी काय करते असं कोणी विचारलं की मी "ब्रेक घेतलाय" म्हणून विषय बदलायचो. कॉलेजात परत जायचा फॉर्म मीच भरून टेबलाच्या खणात ठेवला होता. फक्त तिची सही बाकी होती.

वर्कशॉपच्या म्हाताऱ्या मालकाने तिला सांगितलं होतं, तुझी गाडी तू एकटीने नीट करून आण, मी शेजारी बसून हायवेवर चक्कर मारतो, पास झालीस तर मेकॅनिक म्हणून घेतो. गाडी म्हणजे साठच्या दशकातली मसल कार. दोन दारं, लांबलचक बोनेट, आठ सिलिंडर, रंग उडालेला. बरी चालायची, पण खरा जोर मागितला की ढिम्म.

दोष कार्बोरेटरमध्ये होता. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देण्याचं काम त्याचं. तिच्या कार्बोरेटरला चार गळे होते. पुढचे दोन पेडल दाबलं की उघडतात. मागचे दोन पेडलला जुमानत नाहीत. इंजिन जोरात हवा ओढायला लागलं की त्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, एक रबरी पडदा वर खेचला जातो, त्याला जोडलेला दांडा वर जातो आणि ते गळे उघडतात. तिच्या गाडीत ते उघडतच नव्हते.

व्हॅक्यूम म्हटल्यावर मी नाक खुपसणारच. घरासमोर गाडी उभी असताना मी इंजिन जोरात रेस केलं, मागचे गळे हलले नाहीत, आणि मी निकाल देऊन टाकला, "पडदा फाटलाय."

"बाबा, लोड नसताना ते उघडतच नाहीत," ती म्हणाली. "गाडी पार्क्ड आहे. धिस प्रूव्ह्ज नथिंग."

तिने त्या दांड्यावर एक साधी कागदाची क्लिप अडकवली आणि वरच्या झाकणाला टेकेपर्यंत सरकवली. गाडी चालवताना दांडा वर गेला तर क्लिप झाकणाला अडून दांड्यावर खाली ढकलली जाणार. चक्कर मारून आली, क्लिप होती तिथेच होती. मग तिने उघडून पाहिलं. पडदा खरंच फाटलेला होता. माझा निकाल बरोबर, पुरावा चुकीचा, असं तिने हसत सांगितलं. मला ते झोंबलं.

नवा पडदा घातल्यावर क्लिप अर्धीच सरकली. पडद्यावरची स्प्रिंग जरा नरम हवी, असं तिचं म्हणणं. शनिवारी सकाळी कार्बोरेटर काढून टेबलावर ठेवून ती स्प्रिंग आणायला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, प्लीज, कशाला हात लावू नकोस हं."

माझे हात शिवशिवत होते. हातपंप लावून मी कार्बोरेटरची व्हॅक्यूमची वाट तपासली. पंपाच्या मीटरचा काटा चढला आणि हळूहळू खाली यायला लागला. आमच्या कारखान्यात काटा असा उतरणं म्हणजे गुन्हा. गळती शोधून बंद केल्याशिवाय आम्ही जेवायला जात नाही. मागच्या गळ्यात टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र सापडलं. पाच मिनिटांत घट्ट होणारी एपॉक्सीची लुगदी घरात होती. छिद्र बुजवलं, पुन्हा पंप मारला, काटा जागचा हलेना. मला फार समाधान वाटलं. तिला सांगितलं नाही, कारण ती पास झाल्यावर सांगायचं होतं. यशात बापाचाही हात होता हे कळायला हवं, एवढीच माझी हौस.

ती आली, स्प्रिंग बदलली, सगळं जोडलं, गल्लीत हळूहळू वेग वाढवत एक फेरी मारली. क्लिप पार खाली. ती आनंदाने ओरडली आणि तशीच वर्कशॉपला गेली.

दुपारी परत आली तेव्हा सरळ खोलीत गेली. काय झालं ते तिच्या आईकडून कळलं. हायवेवर चढताना तिने पेडल पूर्ण दाबलं आणि इंजिन गुदमरलं. गाडी पुढे जायच्या ऐवजी बसली. मागच्या ट्रकने करकचून ब्रेक लावला. मालक काही वाईट बोलला नाही. अजून वर्षभर काउंटरवर बस, एवढंच म्हणाला.

सोमवारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी त्या कार्बोरेटरची जुनी आकृती शोधून काढली. ते छिद्र त्यात दाखवलेलं होतं. ती गळती नव्हतीच. मागचे गळे एकदम उघडू नयेत म्हणून बनवणाऱ्याने थोडी हवा मुद्दाम सोडलेली होती. मी ती वाट बंद केली, म्हणून गळे वेळेआधी उघडले, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त झाली आणि इंजिन गुदमरलं.

घरी जाऊन सांगायचं ठरवूनच निघालो होतो. ती जेवणाच्या टेबलाशी बसलेली होती. "बाबा, तो फॉर्म कुठेय?" ती म्हणाली. "यू वर राइट. हे मला नाही जमणार."

मी खण उघडला आणि फॉर्म तिच्यापुढे ठेवला.

मग मी मूग गिळून गप्प बसलो. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. बायकोने पुण्याला बहिणीला फोन करून बातमी सांगूनही टाकली. मी स्वतःला समजावत होतो, कसं का होईना, पोरगी मार्गाला लागली. जेवण जात होतं, झोप लागत होती. याची लाज वाटते म्हणूनच ते लिहितोय.

शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये गेलो, तर ती खाली बसून आपले पाने एकेक करून पुसत होती आणि खोक्यात मापाप्रमाणे लावत होती.

"तुला हवेत का हे?" तिने विचारलं. "मला आता लागणार नाहीत."

मला ते सहन झालं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. छिद्र, एपॉक्सी, सोमवारची आकृती.

ती पाना पुसत राहिली. "आय नो," ती म्हणाली. "फेल झाले त्याच दिवशी संध्याकाळी उघडून बघितलं मी. ग्रे एपॉक्सी. आईच्या मिक्सरच्या भांड्याला लावली होतीस तीच."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू मुद्दाम केलंस."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"व्हॅक्यूम इज युअर थिंग, बाबा. त्यात तू चुकशील असं मनातही नाही आलं. मी हे करू नये म्हणून तू एवढं करू शकतोस, तर जाऊ दे म्हटलं. कॉलेज तर कॉलेज."

"चुकून झालं गं," मी म्हणालो. "तुझी शपथ. मला ती गळती वाटली."

"ओके." तिने पाना खाली ठेवला. "आणि मंडेपासून?"

कामाची गडबड होती, वेळ मिळाला नाही, असं सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"ते मुद्दाम," मी म्हणालो.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, ओरडलीही नाही. मालकाचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्या हातात दिला. तिचं काम बरोबर होतं, बिघाड मी केला, कळल्यावर लपवलाही मी, एवढं मी त्याला इंग्रजीत सांगितलं. मग त्याने तिलाच विचारलं, ते छिद्र मोकळं करून परत यायला तुला किती दिवस लागतील?

तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"आय विल डू इट अ‍ॅट द शॉप," ती म्हणाली. "आय विल ब्रिंग द कार ओव्हर टुडे. नॉट अ‍ॅट होम."