बाळंतिणीची चिठ्ठी

आमच्या गोडाऊनमध्ये नाताळ करायची पद्धत ऑफिसातल्या मॅडमनी सुरू केली. डिसेंबर लागला की सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका खोक्यात पडतात. प्रत्येकाने एक उचलायची आणि जिचं किंवा ज्याचं नाव येईल, त्याच्यासाठी गुपचूप भेट आणायची. पहिल्या वर्षी मला एक ड्रायव्हर आला होता. त्याला मफलर दिला आणि मोकळी झाले.

गेल्या डिसेंबरात चिठ्ठी उघडली तर स्कॅनिंगवरच्या पोरीचं नाव. अंबाडीच्या पुढच्या गावातली, पंचविशीची, पहिलटकरीण. बाळंतपण उरकून नुकतीच कामावर आली होती, बाळ चार महिन्यांचं. मी परत आलेला माल तपासायला बसते, ते टेबल तिच्या मागेच. तिची पाठ मला दुपारभर दिसायची, चेहरा फारसा नाही.

घरी टेमघरला लेकीला सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "लाल टोपीवालं झबलं घे ना, सांताचं."

बाजारात गेलेही. दुकानदाराने पाच-सहा झबली पुढ्यात टाकली. छान होती, पण हात उचलेना. माझ्या पहिल्या वेळी घरात झबल्यांचा ढीग लागला होता. येणारा प्रत्येक माणूस पाळण्यात वाकून बघायचा, बाळ कुणासारखं दिसतं ते बोलायचा आणि चहा पिऊन जायचा. मी भिंतीला टेकून बसलेली असायचे. म्हटलं, या वेळी भेट आईला द्यायची, बाळाला नाही.

मग मी तिच्यावर लक्ष ठेवू लागले. दोनदा ती बाथरूममधून परतताना टी-शर्ट पुढून ओला दिसला. ओढणी पुढे ओढून घाईघाईने जागेवर जाऊन बसली. मला वाटलं, समजलं मला. दिवसभर बाळ लांब, दूध दाटतं, कपड्यांवर येतं, सांगणार कुणाला? आजूबाजूला सगळे बाप्ये.

जुनी सुती साडी काढली, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. तिच्या गोल चकत्या कापल्या, चार पदरी करून मशीनवर शिवल्या. आतून छातीशी ठेवायच्या. बारा केल्या. शिवताना स्वतःवरच खूश होते, असं म्हटलं तरी चालेल. अडचण एवढीच की भेटी सगळ्यांसमोर उघडायच्या असतात. म्हणून चकत्या डब्याच्या तळाशी ठेवल्या, वर कागद घातला आणि त्यावर डिंकाचे लाडू रचले.

कार्यक्रम चार वाजता होता. जेवणाच्या सुट्टीत तिला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं.

"तुझी चिठ्ठी माझ्याकडे आहे. सगळ्यांसमोर फक्त वरचे लाडू दाखव. खालचं घरी गेल्यावर बघ."

"काय हाय खाली?" असं म्हणत तिने तिथेच कागद उचलला. एक चकती हातात घेतली, उलटीसुलटी केली. तिला कळायला वेळ लागला नाही.

"काकी, दूध न्हाय मला. महिना झाला."

ती खाली बघूनच बोलत राहिली. "कामावर आले नि तीन दिवस छाती दगडासारखी झाली. ताप आला. मग हळूहळू गेलंच. आता सासूबाई डब्याचं पाजतात."

"मग तो टी-शर्ट ओला..."

"तोंड धुवायची मी." तिने चकती परत जागेवर ठेवली. "रडून झाल्यावर."

मी डबा मागे घ्यायला हात पुढे केला. लाज वाटत होती. माझ्याच आठवणी चार पदरी शिवून मी तिला द्यायला निघाले होते आणि तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. पण तिने डबा सोडला नाही. म्हणाली, "तुम्ही किती दिवस पाजलंत?"

या प्रश्नाला मी वीस-बावीस वर्षं खोटं उत्तर देत आले आहे. त्या दिवशी खरं बोलले. मोठ्याला वर्षभर पाजलं. धाकटीच्या वेळी घरात पॉवरलूमसाठी सुताच्या कांड्या भरायचं काम होतं, दिवसभर मशीनवर बसून दुसऱ्या महिन्यातच दूध आटलं. सासूला सांगायची हिंमत नव्हती. मी दार लावून घ्यायचे आणि पदराखाली बाटली धरायचे. बाहेर सगळ्यांना वाटायचं, पाजतेय.

तिने एकदम विचारलं, "आणि पोरगी? ती तुम्हाला धरून होती का?"

"बावीस वर्षांची आहे. रोज भांडते माझ्याशी. आणखी किती धरायचं?"

ती हसली, आणि हसतानाच डोळे भरले. "आमचा माझ्याकडे येतच न्हाय, काकी. मी घरी पोचते तेव्हा झोपलेला असतो, सकाळी सासूबाईंच्या कडेवर. मी उचललं की परक्याने उचलल्यासारखा रडतो."

तिची पाळी दुपारी बारा ते रात्री नऊ, माझी सकाळी आठ ते पाच. एकमेकींची कामं दोघींना येत होती. कार्यक्रमात तिने लाडू दाखवले, टाळ्या झाल्या, केक खाल्ला. पांगापांग होत होती तेव्हा मी सुपरवायझरकडे जाऊन आमच्या पाळ्यांची अदलाबदल मागितली. तो म्हणाला, असं मध्येच बदलता येत नाही. मॅडमना विचारलं. त्यांनी फक्त जानेवारी महिना दिला. घरी नवरा कुरकुरला, रात्रीचं जेवण उशिरा होणार म्हणून. लेक म्हणाली, भाकऱ्या मी टाकते. तिला मी कारण सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी कामावर येत होते आणि ती चहाला बाहेर आली होती. गेटजवळ भेटली.

"काय म्हणतो पोरगा?"

"काल मी दारात गेले तर जागा होता. माझ्याकडे बघितलं."

"आला का?"

"न्हाय. सासूबाईंच्या खांद्यावर तोंड लपवलं," ती म्हणाली. "पण मग परत वळून बघितलं."