जिभेखालची गोळी

माझा धाकटा दीर सोफे शिवायचा. ओठांत चिमूटभर बारीक खिळे धरायचा आणि एकेक काढून रेक्झिनवर ठोकायचा. सकाळी मात्र खिळे बाजूला. तेव्हा त्याच्या जिभेखाली व्यसनमुक्ती केंद्रातून आणलेली गोळी विरघळत असायची, हेरॉइनची तलफ दाबणारी. तेवढा वेळ तो बोलायचा नाही. आमच्या ह्यांना तेही खुपायचं. "बघ, मोठ्या भावाला उत्तरसुद्धा देत नाही!"

गोळी सुरू झाल्यापासून त्याने हेरॉइनला शिवलंही नव्हतं. जेवत होता, झोपत होता, गिऱ्हाइकं नावाजत होती. पण आमच्या घरातल्या शहाण्यांना ते बघवेना. "एक नशा सोडली नि दुसरी धरली," असं कुणी म्हणावं? चहाला जरा उशीर झाला तर घर डोक्यावर घेणाऱ्या सासूबाई! ह्यांनी तर अटच घातली: गोळीही सोड, तरच दुकान तुझ्या नावावर. मधुमेहाची स्वतःची गोळी गिळता गिळता हे भाषण चाललं होतं. लाज कशाशी खातात हे ह्यांना कुणी शिकवलंच नसावं.

"डॉक्टरांनी बजावलंय," मी म्हटलं. "मनाने बंद केली तर तलफ परत येते. आणि तोवर शरीराची हेरॉइनची सवय मोडलेली असते. पूर्वीइतकं घेतलं तर जीव जाईल."

"त्यांना काय, पेशंट हवेत!" हे म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर ह्यांनीच.

दिराने गोळ्यांचं पाकीट आणून दिलं. ह्यांनी एकेक सोलून मोरीत टाकली. चार दिवसांत त्याचं नाक गळायला लागलं, हात कापायला लागले. केंद्रात चल म्हणून मी हातापाया पडले.

"दादाला शब्द दिलाय, वहिनी. आयुष्यात पहिल्यांदा त्याने पाठीवर हात ठेवलाय."

महिनाभराने एका सकाळी दुकान उघडलं नाही. दार फोडलं तेव्हा अर्धवट सोफ्याशेजारी तो निळा पडलेला होता. पूर्वीइतकंच घेतलं होतं त्याने.

भेटायला माणसं आली. हे दारात उभे राहून चक्क अभिमानाने सांगत होते, "शेवटी शेवटी गोळीसुद्धा घेत नव्हता हो! पूर्ण सुधारला होता." माणसं माना डोलवत होती. मला किळस आली.

"गोळी घेत होता तोवर सुधारलेला होता," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "मग तुम्ही त्याला मारलंत."

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या माणसाचा हात धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.