एका माणसाचा भात

कावेरीअक्का गेल्याचं त्यांच्या भाचीनं, मालतीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये वह्या तपासत बसले होते. "झोपेतच गेल्या," ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं आणि पुढची वही उघडली... माणूस असा का वागतो, कोण जाणे. त्याला आता तीन आठवडे झाले.

नवऱ्याच्या बदलीमुळे मी नाशिकहून चेन्नईला आले आणि वेस्ट मांबलमच्या एका शाळेत गणित शिकवू लागले, तेव्हा स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच. मूळच्या तंजावरकडच्या. त्यांचं मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझं ऐकून त्यांना. सहावी ते आठवीच्या मुलामुलींना त्या घर चालवायला शिकवत. बटण लावणं, गॅसची नळी तपासणं, डाळीला कीड लागू न देणं. आम्ही गणितवाले त्याला भातुकलीचा तास म्हणायचो, आणि परीक्षा जवळ आली की मी तो खुशाल मागून घ्यायचे. त्या द्यायच्याही.

एक धडा मात्र त्या कुणाला देत नसत. आठवीतल्या प्रत्येकानं एका माणसाचा स्वयंपाक करायचा: मूठभर तांदूळ, थोडी डाळ, एक भाजी. मग ताट वाढून, पाणी घेऊन, मांडी घालून एकट्यानं जेवायचं. ओट्याशी उभ्यानं खाल्लं की निम्मे गुण गेले! एकदा एक मुलगी जेवता जेवता रडू लागली. घरी कुणी नसलं की मी बिस्किटंच खाते, म्हणाली. अक्का तमिळमध्ये तिला एवढंच म्हणाल्या, "जेव. स्वतःला वाढून घेणं हेही शिकावंच लागतं."

मला तो धडा निर्दय वाटे. अक्कांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. या बाईला एकटेपणा पचलाय, असं मी ठरवूनच टाकलं होतं. निवृत्त झाल्यावर त्या फोन करायच्या. "आयतवारी जेवाया ये गे, सुनंदा." तेव्हा माझं घर भरलेलं होतं. मी म्हणायचे, "अक्का, एवढ्या लांब कुठे येऊ? आणि तुम्हाला काय, एकटीनं जेवायची सवयच आहे." त्या हसायच्या. "होय, होय. सवय आहे." पुढे मुलगी बंगळुरूला गेली, नवरा पुण्याला, तरी मी वर्षातून दोनदाच जायचे. गेले की त्या माझ्याआधी ताटावर बसायच्या. "एवढी भूक?" असं मी चिडवायचेसुद्धा.

परवाच्या रविवारी मालतीला घर आवरू लागायला गेले. समोरच्या जानकीमामी कॉफी घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी थबकल्या. "इथेच उभ्यानं जेवायच्या हो रोज," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "मी हाका मारायचे, अक्का, बसा तरी! तर म्हणायच्या, बसलं की समोरची जागा दिसते."

खिडकीच्या कट्ट्यावर ताटलीच्या बुडाचा गोल डाग होता. मी फडकं ओलं करून घासला, तो काही निघेना. "राहू दे, मावशी," मालती म्हणाली, "घरमालक रंग देणारच आहेत." बाराएक वाजले असतील. रविवार होता, मला भूक लागली होती, आणि जेवायला ये म्हणणारं कुणी नव्हतं.